द्राक्षमळ्यांच्या सहलींत जेवावें कोठें?

हल्लीं थंडी पडूं लागली कीं नाशिककडील आपल्या सभासदांच्या घरीं मुंबई-पुण्याचे पाहुणे शनिवारीं सकाळीं उतरतात आणि रविवारीं संध्याकाळीं परततात. पूर्वीं हे पाहुणे गोदावरीचें स्नान, काळारामाचें दर्शन आणि त्र्यंबकेश्वर एवढें उरकून जात. आतां त्यांस द्राक्षांचे मळे व वाईनचे कारखाने पाहावयाचे असतात. मळा कोणता पाहावा हें ते घरून ठरवून येतात; त्यांच्या हातांतील फोनवर तें सर्व असतें. जेवावें कोठें हा प्रश्न मात्र ते दुपारीं एक वाजतां, भूक लागल्यावर, आपणांस विचारतात, आणि आपण 'तिकडेच कांहीं तरी मिळेल' असें उत्तर देऊन मोकळे होतों. त्या उत्तरापायीं माझ्या घरच्या मंडळींवर काय प्रसंग ओढवला तो पुढें सांगणारच आहें. तेव्हांपासून मीं ह्या गोष्टीकडे जरा लक्ष घातलें व जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

ह्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारील. मी वाईनचा जाणकार नव्हे. सणावारीं मुलाच्या आग्रहानें दोन घोट घेतले तर घेतले. परंतु महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली, आणि तींतील बरींच वर्षें दिंडोरी, निफाड व इगतपुरी ह्या तालुक्यांत गेलीं. पीकपाहणी, पैसेवारी, गारपिटीचे पंचनामे ह्या निमित्तानें इतकी फिरती झाली कीं कोणत्या फाट्यावर काय खावें व काय टाळावें हें पोटास अनुभवानें कळलें. सरकारी दप्तरांत त्याची नोंद कोठें नाहीं, म्हणून ती येथें करून ठेवतों.

प्रथम मुलुख ध्यानांत घ्यावा. पाहुण्यांची अशी समजूत असते कीं सगळे मळे एका रांगेंत, एका रस्त्यावर असतील. तसें नाहीं. एक जथा नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या काठीं, गोवर्धन व गंगावऱ्हे ह्या गांवांच्या आसपास आहे. सर्वांत प्रसिद्ध 'सुला' तो येथेंच. राजीव सामंत ह्यांनीं अमेरिकेहून परत आल्यावर वडिलांच्या जमिनींत १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां ह्या जातींची लागण केली, २००० सालीं पहिली वाईन बाजारांत आणली, आणि २००५ सालीं पाहुण्यांस वाईन चाखवण्याची खोली उघडली. 'यॉर्क' व 'सोमा' हे मळेही ह्याच बाजूस आहेत. दुसरा जथा इगतपुरी तालुक्यांत, सांजेगांव व मुकणे धरण ह्या बाजूस. तेथें 'व्हॅलोन' आणि 'ग्रोव्हर झाम्पा' आहेत. तिसरा दिंडोरीकडे विखुरलेला. शासनानें २००१ सालीं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यानंतर ह्या सर्वांची भरभर वाढ झाली. गंगापूरहून सांजेगांवास जावयाचें तर शहराला वळसा घालून पाऊण ते एक तास मोडतो. सकाळीं एक जथा व दुपारीं दुसरा असा बेत करणारा पाहुणा जेवणाच्या वेळीं हटकून रस्त्यांत असतो, आणि जें पहिलें दिसेल तेथें उतरतो. म्हणून एका दिवशीं एकच जथा पाहावा, हें पहिलें धोरण.

हंगामाचाही विचार आहे. वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. एप्रिलांत खरड छाटणी होते, पावसाळ्यांत वेल हिरवेगार असतात पण फळ नसतें, आणि गोड्या बाराची छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास. हें आपणांस सांगणें म्हणजे कुंभारास मडकें दाखवणें होय. परंतु पाहुण्यास तें ठाऊक नसतें, व जुलईंत घड पाहावयास आलेला माणूस हिरमुसला होऊन निदान जेवण तरी मोठ्या ठिकाणीं घेऊं असें म्हणतो. सगळी गर्दी मात्र तोडणीच्या दिवसांतली. आणखी एक गोष्ट : २६ जानेवारीची सुटी साधून पुष्कळ मंडळी येतात, पण त्या दिवशीं मद्यविक्री बंद असते. चाखण्याचा बेत फसतो आणि सर्व भार जेवणावर येतो.

आतां तो प्रसंग. एका फेब्रुवारींतील रविवार. पुण्याहून आमचे व्याही व विहीणबाई आल्या होत्या. मुलगा, सूनबाई, आमच्या सौभाग्यवती व मी असे मिळून सहा जण निघालों. व्याही साठीच्या पुढचे, मधुमेहाचे जुने रोगी, जेवणाच्या आधीं इन्सुलिन टोचून घेणारे, आणि स्वभावानें इतके संकोची कीं पाणी मागावयाचें तरी दोनदां विचार करतील. एका मळ्यावर (नांव घेत नाहीं, त्यांचा दोष असेल त्याहून आमचा अधिक होता) पाऊण वाजतां पोंचलों. दारावरील मुलानें वहींत नांव लिहून घेतलें व पंधरा मिनिटांत जागा होईल असें सांगितलें. त्या भरंवशावर व्याह्यांनीं गाडींत बसून इन्सुलिन टोचलें. पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्याचा एक. मधल्या वेळांत तरुण मंडळी वाईन चाखून आली व सूनबाईंच्या आग्रहाखातर व्याह्यांनींही दोन घोट घेतले.

दोनच्या सुमारास त्यांस घाम सुटला. हात कांपूं लागले. मला ते 'रावसाहेब, बिल किती झालें?' असें तीन तीनदां विचारूं लागले. बिल तर दूरच, आम्हांस बसावयास खुर्चीहि मिळाली नव्हती. शेजारीं उभीं असलेलीं चार तरुण माणसें हसलीं. खरें सांगावयाचें तर मलाहि वाटलें कीं सवय नसल्यानें वाईन चढली. विहीणबाईंनीं मात्र त्यांच्या कपाळास हात लावला आणि म्हणाल्या, "दोन घोटांनीं कोणी असं होत नाही. साखर उतरली आहे." पिशवींतील बिस्किटें सकाळींच संपलेलीं. उपाहारगृहाच्या खिडकीपुढें तीस माणसांची रांग. रस्त्याच्या पलीकडे एका शेतकऱ्याची द्राक्षें भरण्याची शेड होती. तेथें बाया दुपारच्या सुटींतून नुकत्याच उठत होत्या. मुलगा धांवत गेला. त्यांतील एका वडील बाईनें क्रेटमधला एक घड बादलींत बुचकळून धुतला व स्वतः घेऊन आली. मुलगा भाकरीबद्दल विचारूं लागला तेव्हां ती म्हणाली, "आधी मणी खाऊ द्या त्यांना, भाकर मागून." पंधरा-सोळा मणी पोटांत गेल्यावर दहा मिनिटांनीं त्यांचें बोलणें ताळ्यावर आलें. मग त्याच बाईच्या फडक्यांतली बाजरीची भाकरी आणि पिठलें त्यांनीं शेडच्या सावलींत बसून खाल्लें. ती बाई आमच्याकडे पाहून म्हणाली, "दर आयतवारी कुणी ना कुणी येतंच, भाकर मिळंल का म्हणून. आमी काय हाटेल हाये का?"

ह्यांत शरीराचा काय व्यवहार झाला तो समजून घेण्याजोगा आहे, कारण आपल्यांतील मधुमेहींची संख्या कमी नाहीं. इन्सुलिन घेतलें कीं तें जेवणाची वाट पाहत नाहीं. रक्तांतील साखर खालीं नेऊं लागतें. एरवीं साखर फार उतरली तर यकृत आपल्या सांठ्यांतून थोडी सोडतें व नवीहि तयार करतें. परंतु पोटांत मद्य गेलें असलें तर यकृत तें मद्य निस्तरण्यांत गुंतलेलें असतें, व साखर तयार करण्याचें काम मागें पडतें. त्यांतहि घोटाळा असा कीं साखर उतरल्याचीं लक्षणें आणि मद्य चढल्याचीं लक्षणें पाहणाऱ्यास जवळजवळ सारखींच दिसतात : घाम, कंप, असंबद्ध बोलणें, झोक जाणें. मळ्यावर, हातांत प्याला असतांना, सर्वजण दुसराच अर्थ घेतात. अशा वेळीं माणूस शुद्धीवर व गिळण्याजोगा असेल तर पंधरा ग्रॅमभर साखर लगेच पोटांत जावी. द्राक्षाचे पंधरा-सोळा मणी म्हणजे साधारण तेवढीच साखर होते. भाकरी मागून, कारण ती पचावयास वेळ लागतो. त्या बाईस हें कोणी शिकवलें होतें कीं काय, तें विचारावयाचें राहून गेलें. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडांत कांहीं घालूं नये, दवाखाना गांठावा.

मधुमेह नसलेल्यांसहि रिकाम्या पोटीं वाईन चाखणें बरें नव्हे. हिशेब पाहा. चाखावयास देतात तो एक घोट सुमारें ३० मिलिलिटर धरला आणि पांच प्रकार चाखले तर १५० मिलिलिटर झाले. शेंकडा साडेबारा मद्यार्क धरल्यास शुद्ध मद्यार्क पंधरा ग्रॅमच्या आसपास पोटांत गेला. पोटांत अन्न असलें तर तो हळूहळू आंतड्यांत उतरतो. रिकाम्या पोटीं भरभर. 'मीं कोठें प्यालों, नुसतें चाखलें,' असें म्हणणारा जांवई मोटार चालवावयास बसतो तेव्हां हा हिशेब त्यास दाखवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असून गाडी चालविणें गुन्हा आहे. गाडी हांकणाऱ्यानें चाखूंच नये, हें उत्तम.

तेव्हां जेवणाचें ठिकाण निवडण्यापूर्वीं जेवणाची वेळ निवडावी, आणि ती मंडळींत ज्याचें पोट सर्वांत नाजूक असेल त्याच्या सोयीनें. आमच्या घरीं आतां असा क्रम ठरला आहे : दुपारचें जेवण बारा वाजतां, मळ्याच्या बाहेर, गांवांत किंवा शहरांत, तें झाल्यावर घटकाभर पडावें, आणि मळ्यावर चार वाजतां जावें. बहुतेक पाहुणे ह्याच्या उलट करतात. दुपारीं एक ते तीन ह्या वेळांत रविवारीं मळ्यावर पाय ठेवावयास जागा नसते, स्वयंपाकघर घायकुतीला आलेलें असतें, आणि ऊन डोक्यावर असल्यामुळें बागेंत फिरण्याची सोय नसते. चार वाजतां तीच जागा निवांत होते, आणि गंगापूरच्या पाण्यावर सूर्य उतरतांना पाहावयास मिळतो तो ह्याच वेळीं. मळ्यावरच जेवावयाचें असा तरुणांचा हट्ट असेल तर त्यांनीं रात्रीचें जेवण तेथें घ्यावें, दोन दिवस आधीं टेबल सांगून ठेवावें, आणि वृद्ध मंडळींस घरीं खिचडी-कढी द्यावी. एका मोटारींत सहा माणसें आलीं म्हणून सहाहि जणांनीं एका ठिकाणीं जेवलेंच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. ज्यांस त्र्यंबकास जावयाचें आहे, ज्यांस कांदालसूण चालत नाहीं, त्यांचें ताट निराळें लावण्यांत मानपानाचा प्रश्न कसला?

मळ्यांवरील उपाहारगृहांस मी नांवें ठेवीत आहें असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचा हेतु निराळा आहे. तेथें मुख्य वस्तु वाईन. अन्न तिच्या सोबतीस. म्हणून इटालियन पद्धतीचे पाव, चीज, पास्ता ह्यांची तेथें चलती दिसते. खारट, स्निग्ध व फारसें तिखट नव्हे असें अन्न वाईनशीं जुळतें. दोन बश्या चौघांत मागवून, सावकाश खात, वेलींकडे पाहत बसावयाचें असेल तर तेथल्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. भरपेट जेवणासाठीं मात्र तें ठिकाण नव्हे, आणि बिल पाहिल्यावर तर नव्हेच.

आतां मळ्याबाहेरचें ठिकाण कसें ओळखावें? पैसेवारी काढतांना आमचे एक जुने सर्कल अधिकारी सांगत असत कीं रस्त्याच्या कडेचें पीक पाहून कधीं अंदाज करूं नये. कडेच्या सऱ्या एक तर जनावरांनीं खाल्लेल्या असतात, नाहीं तर मालकानें मुद्दाम राखलेल्या. शेतांत आंत शिरावें. खाण्याच्या ठिकाणाचेंहि तसेंच आहे. दर्शनी कमान, बैलगाडीचें चाक, विहिरीचा खोटा रहाट आणि दाराशीं फेटेवाला माणूस ह्या कडेच्या सऱ्या होत. हात धुवावयाच्या निमित्तानें मागें जावें. चूल पेटलेली आहे कीं नुसती मांडलेली आहे, भाकरी थापल्याचा आवाज येतो कीं नाहीं, भांडीं घासावयाचें पाणी वाहतें कीं सांचतें, एवढें पाहण्यास एक मिनिट पुरतें. मग बसल्यावर 'काय काय मिळेल?' असें न विचारतां 'आज काय केलें आहे?' असें विचारावें. पहिल्या प्रश्नास शंभर नांवें ऐकूं येतात. दुसऱ्यास जो माणूस चटकन तीन-चार नांवें सांगतो त्याच्याकडे तीं खरोखर केलेलीं असतात. दीडशें पदार्थांची यादी असलेल्या आडरस्त्यावरील उपाहारगृहांत ते दीडशें पदार्थ ताजे कसे राहतील, ह्याचा विचार आपण भाजीपाला पिकवणाऱ्यांनीं तरी करावा. वाढणारीं मुलें स्वतः काय खातात हेंहि पाहावें. तीं तेथलेंच अन्न खात असतील तर शंका नको. बाहेर कोणाच्या गाड्या आहेत हा आमचा जुना खात्यांतला दाखला. ग्रामसेवक, तलाठी, खतांचे विक्रेते ह्यांच्या मोटारसायकली जेथें दुपारीं उभ्या दिसतात, तेथें दर वाजवी असतो व पोट बिघडत नाहीं. ह्या लोकांस दुसऱ्या दिवशीं पुन्हा कामावर जावयाचें असतें.

काय खावें ह्याविषयीं मतभेद होईल. मी माझें मत सांगतों. नाशिकला येऊन मिसळ न खातां जाणें हें पाहुण्यांस मान्य नसतें, व त्यांचें बरोबर आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर पापड व बाजूस दहीं असा येथील थाट. शहराबाहेर गंगापूर रस्ता व मखमलाबाद ह्या बाजूंस आतां चुलीवरची मिसळ देणारीं ठिकाणें झालीं आहेत. एके ठिकाणीं तर द्राक्षबागेंतच बसवतात. परंतु मिसळ शनिवारीं सकाळीं खावी, नऊच्या आंत पोंचावें, आणि त्या दिवशीं वाईन संध्याकाळपर्यंत लांबवावी. तर्रीचा तिखटपणा आणि वाईनचा आंबटपणा हे दोन्ही एका दुपारीं एका पोटांत घातले तर रात्र जागून काढावी लागते. रविवारीं सकाळीं थालिपीठ व लोणी, अथवा साधे पोहे, हें अधिक चांगलें.

दुपारच्या ताटास हंगाम पाहावा. थंडींत बाजरीची भाकरी, वांग्याचें भरीत, मेथी, कांद्याची पात, डिसेंबर-जानेवारींत कोठें हुरडा मिळाला तर भाग्यच. पूर्वेकडून खानदेशची शेवभाजी व कळण्याची भाकरी इकडे आली ती येथलीच होऊन बसली आहे. इगतपुरीच्या जथ्याकडे गेल्यास गोष्ट बदलते : तो भाताचा व नागलीचा मुलुख. तेथें बाजरीची भाकरी मागूं नये. नागलीची भाकरी व उडदाची डाळ मागावी, नव्या इंद्रायणी तांदळाचा भात मागावा, आणि पावसाळ्यांत गेलां असाल तर करटोलीं, कुरडू अशा रानभाज्यांची चौकशी करावी. ज्या पदार्थाचें पीक दहा कोसांत दिसत नाहीं तो तेथें मागविणें म्हणजे पैसे देऊन शिळें विकत घेणें आहे.

मुलगा ह्या ताटाशीं वाईन जुळवून पाहतो. त्याच्याकडून कळलें तें कुतूहल म्हणून देतों. लाल वाईन द्राक्षाच्या सालींसह आंबवतात, त्यामुळें तींत सालीचें व बियांचें तुरट द्रव्य उतरतें. तें तुरटपण आणि मद्यार्क हीं दोन्ही मिरचीची आग वाढवतात. म्हणून ठेच्याबरोबर लाल शिराझ घेणारा तोंड धरून बसतो. किंचित् गोड व थंड केलेली पांढरी शेनिन ब्लां तीच आग शमवते, आणि पिठलें-भाकरीशीं तिचें चांगलें जमतें असें तो म्हणतो. भरताच्या धुरकट चवीस मात्र लाल चालते, मिरची बेतानें असली तर. जिलेबीबरोबर कोणतीच घेऊं नये. पदार्थाहून वाईन कमी गोड असली कीं ती निव्वळ आंबट लागते. ह्यांतील पहिली गोष्ट मीं स्वतः पारखली आहे आणि ती खरी आहे. बाकीच्या त्याच्या शब्दावर.

राहिली ती शेडवरच्या बाईची गोष्ट. दर रविवारीं कोणी ना कोणी भाकरी विचारत येतो, हें ती त्रासून म्हणाली. पण मळ्यांच्या आसपास ज्यांची जमीन आहे अशा आपल्या सभासदांनीं तें वाक्य नीट ऐकावें. दुपारीं बारा ते दोन ह्या वेळांत भुकेलीं, पैसे देण्यास तयार असलेलीं माणसें आपल्या बांधावरून जात आहेत, आणि त्यांस आपलेंच रोजचें अन्न पाहिजे आहे. शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटन धोरण जाहीर केलें आहे, त्याखालीं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. अन्न विकावयाचें तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणीहि पाहिजे. हे कागद आधीं करावे. कागद नसतांना मांडव घातल्यामुळें पुढें काय काय भोगावें लागतें, हें मीं टेबलाच्या दुसऱ्या बाजूनें पुष्कळ पाहिलें आहे. आरंभीं वीस ताटांहून अधिक करूं नयेत व तींहि आदल्या दिवशीं सांगितलेलींच. पनीर आणूं नये. पाहुणा पनीर घरीं खातो. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितों, राग आला तरी चालेल : ह्या वीस ताटांचें काम घरांतील बायकांवर 'तेवढेंच तर आहे' म्हणून लादूं नये. सहा दिवस बागेंत राबून सातव्या दिवशीं चुलीपुढें बसणारीस त्या दिवसाची मजुरी वेगळी मिळाली पाहिजे, व तिच्या हातांत मिळाली पाहिजे. शेजारच्या दोन बायांस रोजानें लावलें तरी ताटाच्या दरांत तें सहज बसतें. मीं कागदावर मांडून पाहिलें आहे.

परतीच्या वाटेचें थोडें सांगावयाचें आहे. मुंबईस सुमारें १७० किलोमीटर व पुण्यास सुमारें २१० किलोमीटर जावयाचें असतें, आणि रविवारीं संध्याकाळीं दोन्ही रस्ते भरतात. समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढें ठाण्याकडे आमण्यापर्यंत खुला झाला आहे, व मुंबईचे पुष्कळ लोक त्या वाटेनें जातात. तो रस्ता गांवांना बाजूस ठेवून जातो. वाटेंत भूक लागली म्हणून मध्येंच उतरतां येत नाहीं. जुन्या कसारा घाटाच्या रस्त्यावर खाण्याचीं ठिकाणें पुष्कळ, पण गाड्यांच्या रांगेंत अडकल्यावर तीं नुसतीं दुरून दिसतात. पाहुणे निघतांना दशम्या, भाजलेले शेंगदाणे व एखादा धुतलेला घड फडक्यांत बांधून द्यावा. मधुमेही माणसाच्या पिशवींत साखरेची पुडी आहे ना, हें गाडी सुरू होण्यापूर्वीं विचारावें, मागाहून फोनवर नव्हे.

व्याही ह्या डिसेंबरांत पुन्हा येणार आहेत. त्या शेडच्या मालकानें आतां रविवारीं दहा ताटें करावयास आरंभ केला आहे. बारा वाजतांचीं सहा ताटें मीं सांगून ठेवलीं; त्यानें पैसे आगाऊ मागितले, व ते मीं पोंच घेऊन दिले आहेत.